अडतीस दिवसांचं नख

नमुना: उजव्या हाताचा अंगठा, नख बोटावरच
वय: अडतीस दिवस
नाव: परवा ठरेल
संमती: आई

'आई'पुढे मी सही केली. अश्लेषा अभिराम वाळवेकर. सहीसाठी एकच रेघ होती. जिने हिला नऊ महिने पोटात वाढवलं तिच्यासाठी फॉर्ममध्ये जागाच नव्हती. फॉर्म मीच तयार केला होता, पुण्याच्या आमच्या लॅबमध्ये, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा हे सुचलं नव्हतं.

०.० मिलिमीटर (टोक)

नखाचं टोक हा नखाचा सगळ्यांत जुना भाग. मूळ सगळ्यांत नवा.

नख कॅल्शियमचं असतं असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते चूक. कॅल्शियम त्यात नावापुरतं. नख म्हणजे केराटिन, एक प्रथिन. नखाच्या मुळाशी, कातडीखाली, पेशी जन्मते. ती स्वतःला केराटिनने गच्च भरून घेते, आपलं केंद्रक मोडून टाकते आणि मरते. मागून येणारी तिला पुढे ढकलते. जिला आपण नख म्हणतो ती मेलेल्यांची फरशी आहे, आणि जगाला पहिला स्पर्श आपण त्या फरशीने करतो. लसूण सोलताना. गाठ सोडवताना. बाळ तर झोपेत स्वतःच्याच गालावर ओरखडे काढतं.

केराटिनच्या दोन साखळ्या एकमेकींना पीळ घालतात. अशा पिळांचा दोर, दोरांचा दोरखंड. शेजारशेजारचे दोरखंड घट्ट बांधलेले असतात ते गंधकाच्या अणूंच्या जोड्यांनी. नख जळल्यावर येतो तो वास त्यांचा. आणि मधल्या थरातले धागे आडवे असतात, म्हणून नख फाटलं तर आडवं फाटतं, मांसात शिरत नाही. अकरा वर्षं मी हे काम करते. आडव्या धाग्यांपाशी अजूनही थांबते.

आमचं यंत्र, नखवाचक, नखावर केसाहून बारीक प्रकाश सोडतं. गंधकाची जोडी त्या प्रकाशात थरथरते. पेशी भरत होती त्या तासाला रक्तात काय होतं, साखर किती, भीतीची संप्रेरकं किती, कुठलं औषध, कुठलं विष, त्याप्रमाणे थरथर बदलते. यंत्र ती थरथर टोकापासून मुळापर्यंत ओळीने वाचत जातं.

मोठ्या माणसाच्या हाताच्या नखात सहा महिने असतात.

बाळ नखं घेऊनच जन्माला येतं. त्याच्या नखात काय असेल?

०.१

गर्भातले दिवस.

०.२

दिवसाला तीस मायक्रॉन. तासाला सव्वा मायक्रॉन. हिच्या अंगठ्याचं नख चार मिलिमीटर. मुळाकडचे अडतीस दिवस आमच्या जगातले. मग एक ठळक आडवी रेघ, पहिल्या श्वासाची, तिला मी जन्मरेघ नाव ठेवलं. तिच्यापलीकडे टोकापर्यंत ब्याण्णव दिवस, जे आजवर कुणीही पाहिलेले नाहीत.

मिरजेच्या हॉस्पिटलात आमच्या कंपनीचं यंत्र आहे. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, बाळाचं पहिल्यांदाच वाचतोय आपण. हात कसा धरू?"

"मी धरते."

दहा मिनिटं मी तो अंगठा धरून बसले. साबुदाण्याएवढं नख.

मी काय शोधत होते

माझं गर्भाशय काढावं लागलं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आमचा गर्भ वाढवायला पुढे आल्या त्या माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, सुवर्णाताई. कुणी सुचवलं नव्हतं. मिरजेत दिवाळीच्या फराळाला बसलो असताना म्हणाल्या, "माझी खोली रिकामी आहे, भाडेकरू पाठवा." अभिरामच्या घशात चकली अडकली.

सुवर्णाताई तंबोऱ्याची जवारी काढतात. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात ती घोडी कानसेने घासत घासत अशा उताराला आणायची की तार नुसती वाजत नाही, उमलते. तो उमलणारा नाद म्हणजे जवारी. केसभर जास्त घासलं की घोडी फुकट. मिरजेच्या त्या गल्लीत हे काम करणारी ती पहिली बाई. दस्तगीरचाचांच्या कारखान्यात.

कारखान्यात पॉलिशही चालतं. लाख, स्पिरिट. म्हणून मी एकच शब्द मागितला होता: सहावा महिना लागला की कारखान्यात पाऊल नाही. त्यांनी दिला होता.

बाळ दोन किलो शंभर ग्रॅमचं झालं. त्या दिवशी लेबर रूमबाहेर त्यांच्या पिशवीला स्पिरिटचा वास होता, आणि त्यांच्या नखांत पांढरी पूड. घोडीची पूड.

मी काही बोलले नाही. अडतीस दिवस त्यांच्याच घरी राहिले, त्या दूध पाजत होत्या म्हणून. सव्वा महिना झाला की परवा बारसं, आणि तिथूनच आम्ही पुण्याला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मी अभिरामला फोनवर सांगून टाकलं होतं: नखात स्पिरिट निघालं तर ताई पाळण्याला हात लावणार नाहीत. त्यानंतरही नाही. कधीच नाही.

त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वाच आधी."

०.३ ते २.८

स्पिरिट: नाही.
लाखेतली द्रव्यं: नाहीत.
शिसं: नाही.

मी तीनदा पाहिलं. काही नाही. बाळ लहान झालं ते आपोआप, काही बाळं होतात तशी.

मग पट्टे दिसले.

रोज एक. टोकापासून जवळजवळ जन्मरेघेपर्यंत. साधारण तासाभराचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात सगळे दोरखंड एका दिशेने, सगळ्या जोड्या एकसारख्या थरथरणाऱ्या. बाकी दिवसभर नखाची वीण कुठे सैल, कुठे घट्ट, जशी सगळ्यांची असते. आणि मग रोज एक तास असा, की कुणीतरी भांग पाडल्यासारखी. मी हजारो नखं वाचली आहेत. एवढं निवांत केराटिन कधी पाहिलं नव्हतं.

जन्मरेघेपासून तास मोजले. रोज संध्याकाळचे चार. जवळजवळ ब्याण्णव दिवस.

आणखी एक गोष्ट. दर दुसऱ्या शनिवारी मी सकाळी पुण्याहून यायचे आणि तीनच्या गाडीने परतायचे. त्यांच्या पोटाला तोंड लावून तास तास बोलायचे. गोष्टी सांगायचे. ते शनिवार मी नखात शोधले, एकेक. यंत्राची सूक्ष्मता वाढवून शोधले.

काही नव्हतं.

१.५

इथे एक काळी, रिकामी रेघ. बावीस तास पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. भीतीची संप्रेरकं आकाशाला. यंत्राने बाजूला आपणहून लिहिलं होतं: *ग्रहण*.

मार्चमधलं सूर्यग्रहण. आमच्याकडे या भागातल्या गरोदर बायकांची नखं येतात त्या सगळ्यांत ही रेघ असते. वेध लागल्यापासून उपाशी, पडदे ओढून, सुरी-कात्री लांब ठेवून, हलायचंसुद्धा नाही. एका दिवशी, एकाच तासांत, शेकडो बायकांच्या नखांत एकच रेघ. आम्ही तिच्यावरून तारखा जुळवतो. यंत्राला तसं शिकवलंय. मीच शिकवलंय.

मी ती रेघ ओलांडून पुढे गेले.

कारखाना

अहवालाची पट्टी पर्समध्ये, बाळ छातीशी, अशी मी थेट कारखान्यात गेले. ताई तिथेच होत्या, बारशाचं बोलावणं करायला.

"आलीस? बरं झालं. चाचा येत नाही म्हणतायत."

"येतो म्हटलं मी," दस्तगीरचाचा तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसले होते, ते तसेच म्हणाले. "पण बायकांच्यात बसून करू काय? घुगऱ्या चावायला दात पाहिजेत."

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही रोज चार वाजता इथे येत होतात."

"कोण म्हणालं?"

मी बाळाचा अंगठा वर केला.

चाचांनी भोपळ्यावरून कान उचलला. "बोलायला लागली नाही अजून, आणि चुगली सुरू?"

ताईंनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. उंबऱ्यात बसल्या. "येत होते. मोडला मी शब्द. घरात बसून भिंतीचे पोपडे मोजत होते गं. हात शिवशिवायचे."

"पॉलिशची खोली मागं आहे," चाचा मध्ये पडले. "तिकडं हिला फिरकू दिलं नाही, अल्लाची आण. चारला पॉलिशवाले चहाला जातात, वास बसतो. तेवढा तास हिला इथं उंबऱ्यात बसवायचो मी, वाऱ्याला. तू मला विचार. रागाव मला."

"पिशवीला वास होता, ताई."

"पिशवी आत खुंटीला असायची. ती नव्हती गरोदर."

मला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला.

"घोडी लावायची म्हणजे तंबोरा मांडीवर आडवा," ताई सांगू लागल्या. "भोपळा पोटाला टेकायचा. दुसरीकडे टेकणार कुठे, पोटच एवढं. ही दिवसभर लाथा मारायची. खर्ज लागला की बंद. अशी बंद, की मी पहिल्यांदा घाबरलेच. मग कळलं, ऐकतेय."

मी पट्टी काढून फरशीवर पसरली. पट्टे दाखवले. सांगितलं की हे ऐकणं आहे. भोपळ्यातली कंप पावणारी हवा, तिथून पोटाची कातडी, तिथून पाणी, तिथून इतकुशी छाती. त्या तासात हिचं रक्त शांत झालं, आणि त्याच तासात अंगठ्याच्या मुळाशी ज्या पेशी भरत होत्या त्यांनी आपले दोरखंड सरळ लावले. ते आता मोडणार नाहीत. नख कापेपर्यंत तुमची जवारी हिच्या बोटावर आहे.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, पट्टी डोळ्यांपासून हातभर लांब धरली, आणि एका पट्ट्यावरून स्वतःचं नख फिरवलं, घोडीचा उतार तपासतात तसं.

"साठ वर्षं घासतोय," ते म्हणाले. "कुठं जातो आवाज, असं वाटायचं."

माझ्या मानेवरचं ओझं उतरलं होतं. मी मोकळेपणी म्हटलं, "आणि ग्रहणसुद्धा आलंय बघा. बावीस तास! एवढं कडक कशाला पाळलंत? डॉक्टर रागावले असते."

चाचा खो खो हसले. "ग्रहण? हिनं? गच्चीवर काळा चष्मा लावून भडंग खात होती! वाटीभर शेंगदाणे वेगळे. शेजारणी खालून बोंबलत होत्या, अगं आत जा, पोराला खोट येईल."

मी हसून ताईंकडे पाहिलं.

त्या हसत नव्हत्या.

मोजणी

फरशीवर बसूनच मी मोजलं. यंत्राची तारीख सोडून दिली. पट्टे होतेच की, रोजचा एक, घड्याळासारखे. जन्मरेघेपासून मागे. एक. दोन. दहा. बाळ झोपलं होतं. तीस. चाळीस.

ग्रहण जन्माच्या पन्नास दिवस आधी होतं.

रेघ एक्केचाळीस दिवस आधीची होती.

गर्भाचं नख कधी हळू वाढतं कधी भरभर, म्हणून नऊ दिवसांचा फरक यंत्र माफ करतं. तेही मीच ठरवलेलं.

त्या एका दिवशी चारचा पट्टा नव्हता. फक्त त्या एका दिवशी.

"एकोणतीस मार्च," मी म्हटलं.

चाचा उठले. "चहा सांगून येतो," म्हणाले, आणि चपला न घालताच गेले.

एकोणतीस मार्च

"आदल्या रात्री नऊला जेवले होते. सकाळी स्टँडवर गेले. दोन साड्या, हॉस्पिटलची फाइल."

"कुठे निघाला होतात?"

"बेळगावला. मैत्रीण आहे. तिथून पुढचं ठरलं नव्हतं."

"हिला घेऊन."

"पोटात असलेल्याला घेऊनच जावं लागतं गं."

बाळ हललं. मी थोपटलं.

"सह्या केल्या होत्या मी सगळ्या," ताई म्हणाल्या. "वाचून केल्या होत्या. माझा काही हक्क नाही, माझं रक्त नाही, सगळं पाठ. पण रोज चारला ती गप्प व्हायची ना, तेव्हा वाटायचं हे माझ्याशी आहे. हे काही त्यांच्या कागदात नाही. आठची गाडी लागली, सोडली. दहाची सोडली. दुपारच्या दोन सोडल्या."

"आणि पाणी? दिवसभर पाणी का नाही प्यायलात?"

"पाणी प्यायले असते तर उठावं लागलं असतं. उठले असते तर गाडीत बसले असते."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलवर सतारीचा भोपळा बांधून चाललं होतं. आम्ही दोघी तो वळेपर्यंत पाहत राहिलो.

"मग?"

"मग लक्षात आलं, ही हललीच नाहीये सकाळपासून. चार वाजून गेले, पाच, सहा. हात फिरवला, दाबलं. काही नाही. मला वाटलं गेली. माझ्या हट्टापायी. डॉक्टरकडे जायला हवं होतं. पाय इकडे आले. चाचा कुलूप लावत होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि कुलूप काढलं. विचारलं नाही काही. पाणी पाजलं, गूळ दिला, आणि सगळ्यांत मोठा तंबोरा काढला, तो परगावी जायचा होता. स्वतः छेडत बसले. मी नुसता पोटाशी धरला."

मी पट्टीवर वाकले. काळी रेघ संपते तिथे. मी ती ओलांडून गेले होते म्हणून पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी सातच्या सुमारास एक पट्टा सुरू होत होता. तासाभराचा नव्हता. तीन तासांचा. अख्ख्या नखात तेवढा रुंद दुसरा नव्हता, आणि त्याची वीण इतकी सरळ होती की मला आधी छपाईची चूक वाटली.

"हलली?" मी विचारलं. उत्तर माझ्या मांडीवर झोपलं होतं, तरी विचारलं.

"एकच लाथ. इथे." त्यांनी बरगडीखाली हात ठेवला.

मी रागवायला हवं होतं. माझं मूल बेळगावच्या गाडीत बसणार होतं आणि मी पुण्यात लॅबमध्ये कुणाचीतरी नखं वाचत होते. राग आला, खोटं सांगत नाही. पण पट्टी माझ्या हातात होती. तिच्यावर एका बाईची चोरी लिहिलेली होती, आणि तिचं परत येणंही, आणि दोन्ही माझ्या मुलीच्या अंगठ्यावर. बाळाच्या नखात आईचे दिवस उमटत असणार असं मी परिषदांमध्ये बोलले आहे, टाळ्या घेतल्या आहेत. ते दिवस कुणाचे, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"अभिरामला सांग," ताई म्हणाल्या. "सांगायलाच हवं. पाळण्याशी मी नको असेन तर चुलत आत्या आहे इस्लामपूरची, मी फोन करते. आणि दुधाची काळजी नको. चार दिवस झाले, एक आड एक बाटली देतेय. घेते ती. तुझ्या लक्षात नाही आलं."

"का?"

"जायचंय ना तिला. सवय मोडायला नको?"

"तिची?"

त्या उठल्या, पदर झटकला. पूड उडाली. "चहा थंड करून आणणार हा म्हातारा."

३.९

अहवाल बंद करण्याआधी यंत्र विचारतं. रेघेची नोंद कायम करायची का? ग्रहण: होय / नाही. 'नाही' दाबलं तर कारण लिहावं लागतं. हा अहवाल बाळाच्या आरोग्यनोंदीत जातो. अठराव्या वर्षी तो तिच्या ताब्यात येईल. तोवर तो कुणालाही बदलता येणार नाही, मलासुद्धा.

बारशाच्या दिवशी, हॉस्पिटलातल्या यंत्रापाशी, अभिराम शेजारी उभा होता, सकाळच्याच गाडीने आला होता. मी त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने दोनदा तोंड धुतलं होतं.

"होय दाब ना," तो म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"तिला. ती मोजेल. माझी मुलगी आहे."

"मग काय लिहिणार?"

मी 'नाही' दाबलं. कारणाच्या रकान्यात दोन शब्द टंकले.

*आत्याला विचार.*

त्याने ते वाचलं. मग माझी पर्स उचलली आणि म्हणाला, "चल, पाळण्याला फुलं लावायची राहिलीयत."

४.० (मूळ)

बायकांनी गर्दी केली. पाळण्याखालून गोविंद घ्या, वरून गोपाळ घ्या, सगळं झालं. दस्तगीरचाचा दारात खुर्ची टाकून बसले होते, हातात घुगऱ्यांचा द्रोण, एकेक दाणा चघळत.

"आत्या कुठाय? आत्याला पुढे करा!"

मीच त्यांचा हात धरून पुढे केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली.

त्या वाकल्या. लगेच बायकांनी पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, रिवाजच आहे तो, आणि ताई कुर्रर्र करून बाळाच्या कानाशी लागल्या. नाव सांगायला वेळ किती लागतो? तीन अक्षरांचं नाव. धपाटे थांबले. हसणं थांबलं. त्या वाकलेल्याच होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाळाचे डोळे उघडे होते आणि ते अजिबात हलत नव्हतं.

त्या घडीला तिच्या अंगठ्याच्या मुळाशी, कातडीखाली, काही पेशी भरत होत्या. मला त्यांचा हिशोब ठाऊक आहे. सव्वाचार महिन्यांनी त्या टोकाला येतील. पुण्यात माझ्या टेबलापासून यंत्र सात पावलांवर आहे.

मी ते नख दातांनी हळूच काढून टाकीन, आमच्याकडे तान्ह्या बाळांची काढतात तसं. वाचणार नाही.

"अगं सुवर्णा," मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली, "नाव आहे का पोथी?"

ताई सरळ झाल्या. डोळे कोरडे होते. बाळाला उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं, मानेखाली हात नीट गेला ना ते पाहिलं, आणि मगच सोडलं.

"नाव छोटंच आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचं आमचं होतं."